चर्चच्या आवारातलं गवत वाढू द्यावं का, आणि ते ठरवायचं कोणी?

रानवाट
इंग्लंडमधल्या एका खेड्यात आम्ही बारा वर्षं राहतोय. चर्चमध्ये प्रार्थनेला मी जात नाही, पण गेली चार वर्षं महिन्यातला एक शनिवार तिथल्या दफनभूमीत घालवतो. गवत कापायचं, ओढून ढीग लावायचा, भिंतीवरची आयव्ही छाटायची. यंदा आम्ही दहाबारा जणांनी सुचवलं की एप्रिल ते जुलैअखेर आवारात यंत्र फिरवू नये. त्यावरून गावात दोन तट पडलेत. मला विचाराल तर गवत वाढू द्यावं.

ही जमीन शतकानुशतकं नांगराखाली गेलेली नाही, तिला खतही लागलेलं नाही. इंग्लंड-वेल्समधली सखल भागातली फुलांची कुरणं १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत जवळजवळ ९७ टक्के संपली. उरलेल्यांतले काही तुकडे चर्चच्या भिंतीआड आहेत. आमच्याकडे यलो रॅटल नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती उगवली आहे. ती गवताच्या मुळांतून अन्न ओढते, त्यामुळे गवताचा जोर ओसरतो आणि नाजूक फुलांना जागा मिळते. फुलं वाळली की बोंड कानाशी धरून हलवा, आतलं बी खुळखुळतं. जूनच्या सुरुवातीलाच यंत्र फिरलं तर बी धरणारच नाही.

मोगरा
रानवाट, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझे यजमान इकडचेच. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दर रविवारी काठी टेकत कबरीपाशी जातात. आमच्या गावातही तुमच्यासारखाच उपक्रम आहे. मागच्या जूनमध्ये तिथलं गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. दगडाच्या कडेला अडखळून ते पडता पडता वाचले. घरी आले, ओले बूट काढले आणि एवढंच म्हणाले, "तिला सगळे विसरले."

तुम्हाला जिथे फुलं दिसतात तिथे त्यांना बेवारस कबर दिसते. ज्यांचं तिथे कुणी पुरलेलं नाही त्यांनी हे ठरवावं का?

शिलालेख
गवतावरून एवढं बोलताय, दगडांचं काय? अठराव्या शतकातले लेख दगडफुलाखाली दिसेनासे झालेत. गावकऱ्यांना वारसा जपायचाच असेल तर आधी ते दगड घासून स्वच्छ करावेत. नावं वाचता येत नसतील तर वारसा उरला कुठे?

रानवाट
शिलालेख, कृपा करून घासू नका. ब्रिटनमध्ये दगडफुलाच्या सुमारे २००० जाती आहेत, त्यांतल्या ७०० हून अधिक चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका व्हायला पन्नास वर्षं सहज लागतात. तारेचा ब्रश किंवा दाबाच्या पाण्याचा फवारा मारला तर दगडाचा पापुद्रा निघतो आणि अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. शिवाय थडग्याचा दगड चर्चचा नसतो, ज्यांनी उभारला त्यांच्या वारसांचा असतो. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात असल्या कामाला आधी परवानगी घ्यावी लागते, आपण बादली-ब्रश घेऊन सुरू करायचं नसतं.

वाचायला दुसरा उपाय आहे. संध्याकाळी अंधारून आलं की टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. एका काळ्याठिक्कर दगडावर आम्ही असा उजेड टाकला तेव्हा आधी एक वळण दिसलं, मग हळूहळू आडनाव, मग "वय ४ महिने". आम्ही पाच जण होतो, बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या अक्षरांवरचं दगडफूल अजून तिथेच आहे, आणि आता नावही आमच्या वहीत आहे.

मोगराताई, तुमच्या सासऱ्यांचं वाक्य वाचून पोटात कालवलं. चूक आमचीही झाली आहे. आम्ही फाटकावर सूचनेचा कागद लावला, पण कबरींवर येणाऱ्यांना विचारलं नाही. लोक ज्या कबरींवर येतात तिथपर्यंत यंत्राच्या रुंदीची वाट कापायलाच हवी, आणि नव्या रांगा पूर्ण आखूड ठेवायला हव्यात. पण जुना उत्तरेचा भाग तरी सोडा ना आम्हाला.

उन्हाळी
मी दुसऱ्या गावात हेच काम सहा वर्षं केलं, म्हणून सांगते. गवत वाढू द्यायला कुणी लागत नाही, माणसं लागतात ते उचलायला. ऑगस्टमध्ये कापलेलं गवत तिथेच पडून कुजलं की त्याचं खत होतं, मग खाजकुइलीसारखी आग करणारं नेटल आणि काटेरी ब्रॅम्बल माजतं. फुलांचे फोटो काढायला चाळीस जण आले होते, दाताळं धरायला पाच. तिसऱ्या वर्षी आम्ही हरलो आणि पुन्हा यंत्र आलं. रानवाट, तुमचे दहाबारा जण दहा वर्षं टिकणार असतील तरच लोकांकडून जागा मागा.

आणि कापायच्या आधी तो भाग पायी फिरून बघा. स्लो-वर्म म्हणजे बिनपायाचा सरडा गवतात असतो. त्याला मारणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि स्ट्रिमरच्या, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्राच्या, दोरीला तो दिसत नाही.

मोगरा
उन्हाळीताई, हेच मला म्हणायचं होतं. सुरुवात सगळे करतात, नंतर वयस्करांच्या वाटेत काटे उरतात.

रानवाट, तुम्ही चूक कबूल केलीत म्हणून लिहिते. काल सासऱ्यांना विचारलं. ते शेतकऱ्याघरचे, लहानपणी लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापलेलं. म्हणाले, "धार कशी लावायची ते दाखवीन पोरांना." जुन्या भागाला माझी हरकत नाही. पण सासूबाईंच्या रांगेत गवत घोट्याच्या वर गेलेलं मला चालणार नाही, आणि हे मी आमच्या गावाच्या सभेतही उभी राहून सांगणार आहे.