म्यूसली भिजवायची की नाही? ‘लगदा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

पहाटपक्षी

काल रानवाट यांनी म्यूसलीवर, म्हणजे ओट्स, फळं आणि सुकामेव्याच्या नाश्त्यावर, चार ओळी लिहिल्या. ‘वाटीत घ्या, थंड दूध ओता, मऊ पडायच्या आत संपवा. रात्रभर भिजवणं म्हणजे चांगल्या धान्याचा लगदा करणं. ते दात नसलेल्यांचं खाणं.’ खाली सहमतीची रांग लागली. रात्री वाचलं आणि झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

म्यूसली हा पदार्थ भिजवण्यातूनच आलेला आहे. झुरिकचे डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी तो बसवला. त्यांचं प्रमाण असं: एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजत घालायचे. त्यात एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा गोड कंडेन्स्ड मिल्क, एक चमचा कुटलेले हेझलनट किंवा बदाम. आणि आयत्या वेळी सालीसकट किसलेलं एक मोठं सफरचंद, लहान असतील तर दोन. चमचाभर ओट्सना अख्खं सफरचंद! म्हणजे तो मुळात फळांचा पदार्थ, धान्य मिळून येण्यापुरतं. नावही तेच सांगतं. स्विस जर्मनमध्ये ‘म्यूस’ म्हणजे मऊ गर, आणि म्यूसली हे त्याचं लाडकं रूप. कोरडे फ्लेक्स आणि वर दूध, ही पुढे पाकिटांबरोबर आलेली सवय.

मी अशी करते. दोघांसाठी ऐंशी ग्रॅम जाड ओट्स, एक कप दूध, दोन चमचे दही, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यावाचून सगळं सपक लागतं. रात्री झाकून फ्रिजमध्ये. सकाळी घट्टसर झालेलं असतं, ते थोड्या दुधाने सैल करायचं. सफरचंद जाड किसणीवर किसून लगेच लिंबू पिळायचं, नाहीतर पाच मिनिटांत काळं पडतं. बदाम-अक्रोड कोरडेच, मंद आचेवर खमंग भाजलेले, वाटी हातात घेतल्यावर वरून घालायचे. हे रात्री घातले तर वातड होतात, आणि मग लोक म्हणतात भिजवलेली म्यूसली वाईट.

आता दातांचं. माझ्या वडिलांच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सहा आठवडे त्यांना चावता येत नव्हतं. हीच म्यूसली, बदामाची पूड घालून, ते रोज सकाळी खात. त्या दिवसांत त्यांनी मागून घेतलेला हा एकच पदार्थ. तेव्हा ‘दात नसलेल्यांचं खाणं’ असं लिहिण्याआधी थोडा विचार करावा, एवढंच म्हणते.

रानवाट

तुमच्या वडिलांबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. तसं वाटलं असेल तर ते वाक्य मागे घेतो. बाकी एक शब्दही मागे घेत नाही.

डॉक्टरांनी रुग्णांसाठी केलेला पदार्थ निरोग्यांनी तसाच खावा, हा कुठला न्याय? त्यांनी कंडेन्स्ड मिल्क घातलं कारण तेव्हा कच्च्या दुधातून क्षय होण्याची भीती होती. मग तेही आज घालायचं का? तुम्ही स्वतः दूध-दही घालता, म्हणजे मूळ कृती तुम्हीही बदललीच.

दुसरं, मला चावायला आवडतं. पहाटे चारला कामावर निघतो. डब्यात कोरडं मिश्रण असतं, जिथे दूध मिळेल तिथे ओततो. फ्लेक कडेने मऊ आणि आत करकरीत असतो ती तीन-चार मिनिटंच खरी. भिजवून मी पाहिलं नाही असं नाही, दोनदा केलं. दह्यात ओट्स आणि वर किवीच्या फोडी, रात्रभर. सकाळी इतकं कडू झालं होतं की दोन्ही वेळा फेकून दिलं. अन्न फेकायला मला आवडत नाही. त्यानंतर नाद सोडला.

ओलीमाती

रानवाट, कडू झालं ते किवीमुळे, भिजवण्यामुळे नाही. कच्च्या किवीत आणि अननसात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. रात्रभर दह्यात राहिली की दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात, आणि ते तुकडे कडू लागतात. ही फळं अगदी खाताना घाला किंवा आधी वाफवून घ्या. तुम्ही दोनदा तीच चूक केलीत आणि पदार्थाला नाव ठेवलंत.

पण पहाटपक्षी, भिजवण्याच्या बाजूचे लोक एक चुकीची गोष्ट फार सांगतात, ती इथे कुणी लिहायच्या आत थांबवते. ‘रात्रभर भिजवलं की ओट्समधलं फायटिक आम्ल निघून जातं.’ हे आम्ल लोह नीट अंगी लागू देत नाही, पण भिजवून ते फारसं जात नाही. ते तोडणारं विकर ओट्समध्ये मुळातच कमी, आणि फ्लेक्स करताना दाणे वाफवतात, त्यात उरलंसुरलंही मरतं. वाफवतात ते बरंच आहे, नाहीतर ओट्स लवकर खवट झाले असते. लोह अंगी लागायला हवं असेल तर लिंबू आणि ताजं फळ घाला, त्यातलं क जीवनसत्त्व ते काम करतं. भिजवा ते चवीसाठी आणि पोटाला हलकं जावं म्हणून.

पहाटपक्षी

मान्य. फायटिक आम्लाचं मी लिहिलं नव्हतं, पण माझाही समज तोच होता.

निळीशाई

तुम्ही भिजवण्यावरून भांडताय, आणि खरा प्रश्न साखरेचा आहे. तीन वर्षं मी रोज सकाळी ‘म्यूसली’ खाल्ली. कुरकुरीत, मधाची, पाकिटावर पर्वताचं चित्र. आरोग्यदायी म्हणून स्वतःवर खूश होते. मग तपासणीत साखर वाढलेली निघाली. आहारतज्ज्ञ बाईंनी पाकीट उलटं करून दाखवलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि त्यात दुसऱ्या क्रमांकावर साखर, चौथ्यावर मध, पाचव्यावर बेदाणे. त्या दिवशी मी तिथेच रडले. म्यूसलीचं कौतुक करताना हे कुणीच का लिहीत नाही?

शेवटचा_बाक

तुम्ही खाल्लीत ती म्यूसली नव्हती, ग्रॅनोला होता. साखर-तेल लावून भट्टीत भाजलेला. त्याचा उगमही वेगळा, अमेरिकेतला. १८६३ मध्ये जेम्स जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ काढला, पुढे कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग यांनी तसाच पदार्थ करून नाव बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. म्यूसलीत काहीच भाजलेलं-गोडवलेलं असायला नको. पाकिटावर काहीही छापतात.

निळीशाई

पाकिटावर ‘म्यूसली’ छापलं होतं. मी दुकानात उभी राहून इतिहास तपासायला हवा होता का? आणि न भाजलेल्या पाकिटातही मूठभर बेदाणे असतातच. बेदाण्यात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या वर साखर असते. आता मी तो डबा घरात येऊ देत नाही.

गणितमास्तर

आकडा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. वाटीत शंभर ग्रॅम बेदाणे कोण घालतं? एक चमचा म्हणजे दहा ग्रॅम, साखर सहा ग्रॅम. मध्यम सफरचंदात त्याच्या तिप्पट साखर असते. मग सफरचंदही घरात येऊ देऊ नका. बेदाण्याला खलनायक करणं आता फारच झालं आहे.

निळीशाई

सफरचंदात पाणी आहे, चोथा आहे, ते चावून खायला वेळ लागतो. बेदाणे येता-जाता तोंडात टाकले जातात. एक चमचा तुमच्या वहीत असेल. माझ्या ग्लुकोमीटरवर काय येतं ते मी रोज बोटाला टोचून पाहते. तुम्ही नाही.

गणितमास्तर

वैयक्तिक होऊ नका. मी कुणाच्या आजाराबद्दल बोललो नाही.

चांदणचुरा

वैयक्तिक तुम्ही झालात, ‘सफरचंदही येऊ देऊ नका’ असं लिहून. त्या त्यांचा अनुभव सांगत होत्या.

तरी बेदाण्यांच्या बाजूने मला बोलायचंच आहे. माझ्या मुलाने चार वर्षांचा होईपर्यंत दुधातलं कुठलंच धान्य तोंडाला लावलं नाही. मी ओट्सबरोबर दहा बेदाणे मोजून भिजवायला लागले. रात्रभरात ते टपोरे फुगतात आणि त्यांची गोडी दुधात उतरते. वेगळी साखर, मध काही लागत नाही. तो बेदाणे शोधत शोधत वाटी संपवायचा. ज्यांना वर्ज्य आहेत त्यांनी घालू नयेत, पण सगळ्यांच्या डब्यातून काढायला लावू नका.

निळीशाई

दहा मोजून आणि भिजवून, हे मला चालेल. म्हणजे तुमच्या मुलासाठी. मला नाहीच. आणि गणितमास्तरांचा सहा ग्रॅमचा हिशोब मी आत्ता वजनकाट्यावर ताडून पाहिला. माझा ‘एक चमचा’ बावीस ग्रॅमचा भरला. बेदाण्यांचा डबा शेजारणीकडून आणला होता, तिचाही चमचा तेवढाच. लोकांचे चमचे असे असतात.

गणितमास्तर

बावीस ग्रॅम म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम साखर. हे जास्त आहे. चमच्याचं माप धरण्यात माझं चुकलं. सफरचंदाचं वाक्यही लिहायला नको होतं.

शेवटचा_बाक

बेदाण्यांवर इतकं बोललो, आणि ज्यासाठी हे खायचं त्या ओट्सचं राहूनच गेलं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. दिवसाला तीन ग्रॅम मिळाले तर तसं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. ओट्समध्ये ते साधारण चार टक्के असतं. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वाटीत दीड ग्रॅमच्या आसपास, जवळपास निम्मा कोटा. बारीक, झटपट शिजणारे ओट्स मात्र घेऊ नका. त्यांनी साखर लवकर चढते, निळीशाईंसाठी हे जास्त महत्त्वाचं. शिवाय भिजवल्यावर खरा लगदा त्यांचाच होतो.

रानवाट

कदाचित इथेच घोळ होता. मी दोन्ही वेळा बारीकच वापरले होते.

काल रात्री पहाटपक्षींच्या प्रमाणाने जाड ओट्स भिजवले. किवी नाही, मीठ घातलं, बदाम भाजून वेगळ्या पुडीत नेले. सफरचंद कामाच्या जागी किसायला जमलं नाही, बारीक चिरून घातलं आणि लिंबू पिळलं. लगदा झाला नाही. फ्लेक दाताखाली येत होते. मिठाबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि दुपारी बारापर्यंत भूक लागली नाही हेही सांगायला हवं.

तरी माझा कोरडा डबा मी सोडणार नाही. प्रवासात फ्रिज कुठून आणू?

पहाटपक्षी

कोरडं मिश्रण न्या, पण निघताना दुधाऐवजी त्यात थोडं पाणी घालून झाकण लावा. मूळ कृतीत तरी पाणीच होतं. दोन-तीन तासांत ओट्स मऊ होतात. पोचल्यावर वरून दूध आणि लिंबू. वडील आता सगळं चावून खातात, पण रविवारी अजून हीच वाटी मागतात. बदाम मात्र अख्खे.

निळीशाई

बेदाण्यांऐवजी वाळवलेले जर्दाळू, एक-दोनच, चिरून भिजवले तर साखर तितकी चढत नाही असं कुणीतरी सांगितलं. कुणी मोजून पाहिलंय का? मी उद्या एक जर्दाळू घालून खाणार आहे, दोन तासांनी बोट टोचून आकडा इथे लिहिते.