तातडीचं: थर्मोस्टॅट काळा पडलाय, घरी आई-आप्पा आणि पिल्लू

बेबीताई, मंगळवार रात्री ८:१० (इथे फैजपूरला बुधवारची सकाळ)

सगळ्यांना नमस्कार. आम्ही दोघं पुतणीच्या लग्नाला अमेरिकेहून इकडे आलोय. आत्ता आईचा फोन आला. हॉलमधला स्मार्ट थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) पूर्ण काळा आहे, दाबला तरी उजेड नाही, फिरवला तरी नाही. संध्याकाळपासून फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, आवाजच नाही म्हणते. बाहेर उणे ९ फॅरनहाइट (उणे २३ सेल्सिअस), घरात ६१ (१६ सेल्सिअस) आणि उतरतंय. माझ्या फोनवर नुसतं 'ऑफलाइन' दिसतं, त्याआधी बॅटरी कमी असल्याची सूचना आली होती. फर्नेसवाला उद्या दुपारशिवाय येत नाही म्हणतो.

आप्पांना सांगितलं तर ते सगळं करतील, पण नेमकं काय करायचं ते मला कळायला हवं. छोटू, तू अजून तिथे जवळ, ईडन प्रेअरीलाच ना?

---

माई, रात्री ८:१९

बेबी, यंत्राचं नाना सांगतील, आधी माणसांचं बघ. तिघांनी एकाच खोलीत बसायचं, दार लावून, दाराच्या फटीला चादर. छोटा हीटर असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा, एक्स्टेंशनला अजिबात नाही, आणि पांघरुणं, पडदे त्याच्यापासून ३ फूट लांब. गॅसचा ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवायची कल्पना आईंच्या डोक्यात येऊ देऊ नकोस. आमच्या शेजारी एका आजींनी तेच केलं होतं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून वाचल्या.

सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायला सांग. बाहेरच्या भिंतीकडचे नळ बारीक धारेने चालू.

---

जिभाऊ, रात्री ८:२६

सोपं आहे. थर्मोस्टॅट भिंतीवरून ओढून काढायचा, मागे तारा दिसतील. लाल 'आर' (वीज आणणारी) आणि पांढरी 'डब्ल्यू' (हीट चालू करणारी), दोन्हींची टोकं जोडायची. फर्नेस लगेच सुरू होतं. मागच्या वर्षी आम्ही अख्खी रात्र असंच काढलं. थर्मोस्टॅट सकाळी नवा घ्या.

---

नाना, रात्री ८:३१

बेबी, आप्पांना त्या तारांना हात लावू देऊ नकोस.

जिभाऊ, तुमच्याकडे थर्मोस्टॅटच बिघडला होता, लाल तारेत वीज येत होती, म्हणून ते चाललं. इथे पडदा काळा आहे. या थर्मोस्टॅटला स्वतःची वीज नसते. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ करतो आणि ते आर आणि सी (वीज परत नेणारी) या तारांवरून भिंतीपर्यंत येतात. आतली बॅटरी त्यावरच भरत राहते. आधी 'बॅटरी कमी' आणि मग काळोख, याचा अर्थ २४ व्होल्ट वर यायचे काही तासांपूर्वीच थांबले. लाल तारेतच वीज नसेल तर ती पांढरीला जोडून काय होणार? शिवाय वीज बंद न करता जोडताना लाल तार चुकून सीला टेकली तर फर्नेसच्या आतल्या बोर्डावरचा फ्यूज जातो, आणि जोडून ठेवलेली हीट आपोआप बंद होत नाही, कोणीतरी रात्रभर जागं राहून बघावं लागतं.

आप्पांना खाली बेसमेंटमध्ये पाठव. आधी पॅनेलमधला फर्नेसचा ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू. मग फर्नेसच्या अंगावर किंवा शेजारच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखं बटण असतं, सामान ठेवताना धक्का लागून ते बंद होतं. मग फर्नेसचं खालचं दार दाबून बघायचं. त्यामागे एक खटका असतो, फिल्टर बदलल्यावर दार नीट बसलं नाही तर सगळी वीज तोडतो. शेवटी दारावरच्या छोट्या गोल काचेतून आत दिवा लुकलुकतोय का ते सांग.

---

जिभाऊ, रात्री ८:३८

नाना, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा आहे, धुळ्याच्या पॉलिटेक्निकचा. ब्रेकर बंद करूनच जोडा असं मला म्हणायचं होतं, मी ते गृहीत धरलं. बाकी लाल तारेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे.

---

अण्णा, रात्री ८:४०

बाहेरच्या भिंतीतून फर्नेसचे दोन पांढरे पाइप निघतात, त्यांच्यावर बर्फ साचला असेल तर फर्नेस बंद पडतं. रविवारी एवढा पडला. प्लिमथला आमच्या गल्लीत दोघांचं तसंच झालं.

---

नाना, रात्री ८:४४

अण्णा, पाइप मोकळे करायलाच हवेत, छोटू गेला तर फावडं घेऊन जाईल. पण पाइप तुंबले की बर्नर पेटत नाही, पडदा काळा होत नाही. भिंतीवर आकडे दिसत असते तर मीही आधी पाइपच बघायला सांगितले असते.

---

सेक्रेटरी, रात्री ८:५१

सर्व सभासदांना आठवण: घरगुती दुरुस्तीसाठी आपली वेगळी मदत-यादी आहे, वार्षिक सभेत ठरलंय. या मेल-यादीवर फक्त कार्यक्रम. बेबीताई, शनिवारच्या भरीत पार्टीची बडगी (भरीत कुटायचं लाकडी भांडं) आणि मोठं पातेलं तुमच्याच बेसमेंटमध्ये आहे ना? ते कोण आणणार ते कळवा.

---

माई, रात्री ८:५४

मदत-यादीवर किती जण आहेत ते बघा आधी. इथे मेल टाकली की निदान नाना वाचतात. घरात म्हातारी माणसं आणि सहा वर्षांचं पोर आहे, यादी कुठली हे नंतर ठरवू.

---

बेबीताई, रात्री ९:०२

आप्पांनी सगळं बघितलं. ब्रेकर ठीक, बटण चालू, दार घट्ट. काचेतून दिवा दिसतोय, लुकलुकतोय. घरात आता ६०.

आप्पा आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवताहेत. रावेरला थंडीच्या रात्री पारा १० सेल्सिअसखाली गेला की केळीला चरका (थंडीचा फटका) बसतो, त्यामुळे बागेला रात्रीचं पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा आणि तापमान बघत राहायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. आठला ६१, नऊला ६० असं त्यांनी नीट सांगितलं.

---

नाना, रात्री ९:०७

आप्पांचे आकडे फार उपयोगाचे आहेत. तासाला एक अंश या वेगाने ५५ च्या खाली जायला मध्यरात्र उलटेल. पाइप गोठायची भीती तिथून पुढे, तेव्हा घाबरू नका.

आत दिवा आहे म्हणजे फर्नेसपर्यंत वीज आहे. तुटतंय ते फर्नेस आणि भिंत यांच्या मधे. बोर्डावर गाडीत असतो तसा चपटा फ्यूज असतो, बहुतेक ३ किंवा ५ अँपिअरचा. पण त्याआधी छोटूने फर्नेसच्या पायाशी जमिनीवर पाण्याचा छोटा डबा-पंप आहे का ते बघावं.

---

छोटू, रात्री ९:१०

निघालो. मल्टिमीटर आणि फावडं घेतलंय. पोचायला २० मिनिटं.

---

जिभाऊ, रात्री ९:१४

पंप? पाणी तर एसीचं असतं, उन्हाळ्यात. आत्ता हीट चालू असताना पाणी कुठून येणार?

---

नाना, रात्री ९:२०

जिभाऊ, बेबीचं फर्नेस नवं आहे, ९० टक्क्यांच्या वरचं. जुन्या फर्नेसचा धूर गरमच चिमणीतून जायचा. हे फर्नेस धुरातली उष्णता इतकी काढून घेतं की त्यातली वाफ थंड होऊन पाणी होते. म्हणूनच त्याला चिमणीऐवजी अण्णा म्हणतात ते प्लॅस्टिकचे पाइप चालतात. कडाक्याच्या थंडीत फर्नेस जितकं जास्त चालतं तितकं पाणी जास्त. नाली उंचावर असली की ते पंपाने वर ढकलावं लागतं.

आणि पंप बंद पडून डबा भरला तर पाणी घरभर होऊ नये म्हणून आत तरंगता खटका असतो. पुष्कळ जण तो लाल तारेच्याच वाटेत बसवतात. डबा भरला, खटका उचलला, की लाल तार तुटल्यासारखी होते आणि थर्मोस्टॅट उपाशी राहतो.

---

अण्णा, रात्री ९:२७

आमचा पंप दोनदा भरून वाहिला, कार्पेट गेलं, पण थर्मोस्टॅट कधी बंद पडला नाही. त्यामुळे मला हे पटत नाही.

---

नाना, रात्री ९:३१

तुमच्याकडे खटका एसीच्या पिवळ्या तारेवर असणार. मग एसी थांबतो, हीट चालू राहते आणि पाणी वाहत राहतं. म्हणूनच कार्पेट गेलं. तो लाल तारेवर घ्या असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

---

छोटू, रात्री ९:४८

पोचलो. नाना, डबा काठोकाठ भरलाय. पंपाची पिन सॉकेटमध्येच आहे, पण सॉकेटमध्ये वीज नाही. ती बाथरूममधल्या जीएफसीआय (वीज गळली की आपोआप ट्रिप होऊन बंद होणाऱ्या) सॉकेटवरून येते, तिथलं रीसेटचं बटण बाहेर आलं होतं. दाबलं, पंप लगेच घरघरला, डबा मिनिटभरात रिकामा. मीटर लावला, फर्नेसजवळ आर आणि सीमध्ये २६ व्होल्ट दाखवतोय.

पण वर पडदा अजून काळाच आहे. घरात ५९.

---

नाना, रात्री ९:५२

२६ चालतील. आता थर्मोस्टॅटला वेळ दे. आतली बॅटरी पूर्ण उतरली की ती थोडी भरेपर्यंत पडदा उजळत नाही, कधी तास लागतो. पडद्याचा भाग हलकेच ओढून काढ, मागे चार्जिंगचं भोक असेल तर फोनच्या चार्जरवर लाव, लवकर जागा होईल. नसेल तर तसाच भिंतीवर राहू दे. त्या वेळात बाहेरचे पाइप मोकळे कर.

---

जिभाऊ, रात्री ९:५८

जीएफसीआयवर पंप लावूच नये. पंपाची मोटर सुरू होताना ते उगाच ट्रिप होतं. साधं सॉकेट बसवून घ्या.

---

नाना, रात्री १०:०३

नाही जिभाऊ. बेसमेंट, जमिनीवर पाणी, आणि सॉकेट जीएफसीआयशिवाय? नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही नाही. पंपाला जीएफसीआय स्वतंत्र द्यावं, बाथरूमशी जोडलेलं नको, म्हणजे तिकडच्या कारणाने इकडची हीट जाणार नाही. आणि ते परत परत ट्रिप होत असेल तर पंपाची मोटरच ओल धरतेय, पंप बदलायचा.

---

बेबीताई, रात्री १०:३५

पडदा उजळला! आईने फोन हॉलमध्ये नेऊन फर्नेसचा आवाज ऐकवला. ॲपमध्येही दिसतंय, ५९, लक्ष्य ६८.

नाना, छोटू, माई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. इथे मांडवात सगळे माझ्याभोवती उभे होते. उद्या फर्नेसवाल्याला नको म्हणू का?

---

नाना, रात्री १०:४१

नको म्हणू नकोस. ट्रिप का झालं ते अजून कळलेलं नाही. त्याला पंप आणि फर्नेसचा पाण्याचा सापळा साफ करायला लाव, पंपाची मोटर तपासायला सांग. तोवर आप्पांनी झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर ते रीसेटचं बटण आत आहे ना, एवढं बघावं. १५-२० डॉलरचा पाण्याचा अलार्म मिळतो, तो डब्याशेजारी ठेव.

---

सेक्रेटरी, रात्री १०:४४

सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. छोटू, तू तिथेच आहेस तर बडगी आणि पातेलं गाडीत टाकशील का? बडगीला पाणी लागलेलं नाही ना? लाकूड भिजून मग हीटजवळ सुकलं तर तडकेल.

---

छोटू, रात्री १०:५२

कोरडी आहे, पंपाच्या पलीकडच्या फळीवर होती. गाडीत घेतली. पातेलं मोठं आहे, ते शुक्रवारी व्हॅन आणून नेतो. आईंनी थांबवून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घातला.

---

अण्णा, रात्री १०:५५

वांगी कोण आणतंय ते अजून कुणी लिहिलेलं नाही. मागच्या वेळची छोटी जांभळी नकोत, त्यांचं भरीत होत नाही. बामणोदसारखी हिरवी, मोठी, कमी बियांची बघा, नाहीतर गुरुवारी मीच मार्केटला जातो.