मदत हवी आहे: नव्या हॉलमध्ये कुणाला बसवत नाही. टेक्श्चर की पॅनेल? (सांगली)

विश्रामबागवाली
उत्तर लवकर हवंय, पेंटर शुक्रवारी येतोय. नवीन फ्लॅट आहे, हॉलचं सगळं काम झालंय, पैशाला कुठं हात आखडता घेतलेला नाही. तरी हॉलमध्ये कुणी बसत नाही. पाहुणेसुद्धा पाच मिनिटांत किचनकडं सरकतात. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं तिथं. टीव्हीच्या भिंतीला टेक्श्चर पेंट मारू की उभ्या पट्ट्यांची चारकोल पॅनेल लावू? दोन्हींपैकी एक सांगा. वास्तूवर कृपया नको.

मिरजेचा_तंबोरा
हॉल किती बाय किती? खिडकी कुठल्या बाजूला? फरशी, सोफा, पडदे कसले? 'सगळं काम झालंय' यावरून आम्ही काय ओळखायचं ताई?

विश्रामबागवाली
नेहमीसारखाच हॉल आहे की ओ, ११ बाय १८. फरशी पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड. टीव्ही युनिट ग्लॉसी, सोफा लेदरेटचा. पडदे नाहीत, ब्लाइंड्स आहेत. फोटो चढत नाहीये.

रंगारी_कुपवाड
डोळे झाकून टेक्श्चर मारा. पॅनेलच्या खाचांत धूळ बसते, रोज पुसत बसाल. मी सोनेरी छटेत करून देतो, व्यनि (खासगी निरोप) करा.

वास्तुप्रेमी
नैर्ऋत्येची भिंत जड हवी. टीव्ही कुठल्या दिशेला आहे?

विश्रामबागवाली
वर काय लिहिलंय मी?

साताऱ्याची_सजावट
इंटेरिअरचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, तुम्ही सांगितलेली एकूण एक वस्तू गुळगुळीत आहे. फरशी, युनिट, सोफा, ब्लाइंड्स, बहुतेक भिंतीही प्लॅस्टिक पेंटच्या. अशा खोलीत दिवा लावला की त्याचं प्रतिबिंब चार ठिकाणांहून डोळ्यात येतं, नजर कुठं ठरत नाही. आवाजाचंही तसंच. टाळी वाजवून बघा, घुमेल. चार माणसं एकदम बोलली की गलका होतो, माणूस दमतो आणि उठतो. तो का उठला हे त्यालाही सांगता येत नाही.

आता एकाच भिंतीला भरपूर खडबडीत केलं तर सगळा भार त्या भिंतीवर जातो, बाकीची खोली आणखी बोडकी दिसते. त्यापेक्षा पोत विखरून टाका. हात-पाय जिथं लागतात तिथं आधी: सोफा, उशा, पायाखाली. भिंत शेवटी.

रंगारी_कुपवाड
टेक्श्चरनं घुमणं पण कमी होतं मॅडम. गिऱ्हाईकांनी सांगितलंय.

मिरजेचा_तंबोरा
नाही होत. माणसाच्या बोलण्यातला १००० हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची लहर ३४ सेंटीमीटर लांब असते. तुमचं टेक्श्चर दोन-तीन मिलिमीटर खोल. लहरीला ते जाणवतसुद्धा नाही. आवाज शोषायला सच्छिद्र आणि जाड काहीतरी लागतं: पडदा, गालिचा, गादी. पडदासुद्धा रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्यांचा करा, ताणून लावलेला नको.

रंगारी_कुपवाड
तंबोरे लावणाऱ्यानं पेंटिंग शिकवू नये.

जतचा_धनगर
भांडू नका. घोंगडी घ्या. आमच्याकडच्या मेंढराच्या लोकरीची, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. काळी-करडी, पांढऱ्या फरशीवर अशी उठून दिसते! नवी असताना टोचते, वास पण येतो. आठवडाभर सावलीत वाऱ्यावर टाकायची.

भडंग_आणि_चहा
आमच्या घरात घोंगडीला कसर लागली होती. कडुलिंबाचा पाला घाला. बाय द वे, पेटीत ठेवलेल्या पैठणीला काय करायचं?

साताऱ्याची_सजावट
घोंगडीची कल्पना मला आवडली. खाली रबरी जाळी मात्र हवीच, नाहीतर चकचकीत फरशीवर सरकते. घरात वयस्कर कुणी आहे का?

विश्रामबागवाली
सासरे आहेत. वॉकर घेऊन चालतात. त्याचा काय संबंध?

साताऱ्याची_सजावट
अहो, हे आधी सांगायचं! मग त्यांच्या वाटेवर काहीच अंथरू नका. वॉकरचा पाय काठात अडकतो. घोंगडी सोफ्यामागच्या भिंतीवर टांगा, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढं. मागं हवा राहिली की आवाजही जास्त शोषला जातो. सोफ्याला जाड सुती खोळ शिवा, लेदरेट तसंही उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. सासऱ्यांना चालताना भीती वाटते का?

विश्रामबागवाली
ते भिंत धरूनच चालतात. तासगावच्या घरी शहाबादी होती, तिथं कधी धरत नव्हते. फरशीत ट्यूबचा उजेड दिसतो, पाणी सांडलंय असं वाटतं म्हणतात.

मिरजेचा_तंबोरा
मग आधी दिवे बदला. छतातली ती पांढरी ६५०० केल्व्हिनची ट्यूब काढून ३००० च्या आसपासचे पिवळसर दिवे कडेनं लावा, उजेड भिंतीवर पडेल असे.

साताऱ्याची_सजावट
बरोबर, पण भिंतीला अगदी घासून उजेड नको. पुट्टीचा प्रत्येक चढउतार दिसतो. घोंगडीवर तसा सोडा, विणीच्या सावल्या छान पडतात.

कृष्णाकाठ
माझा प्रश्न वेगळाच. फ्लॅट कितव्या मजल्यावर? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पाणी शिरलेल्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो. त्यावर टेक्श्चर मारलं किंवा पॅनेल ठोकलं तर ओल आतच राहते आणि पावसाळ्यात पोपडे सुटतात.

विश्रामबागवाली
चौथा मजला, काका.

कृष्णाकाठ
मग ठीक. खालच्या मजल्यावाल्यांनी वाचावं म्हणून राहू दे.

भडंग_आणि_चहा
पैठणीचं राहिलं.

विश्रामबागवाली
पेंटरला फोन केला, टेक्श्चर सध्या नको म्हटलं. रागावला. टीव्हीच्या भिंतीला साधा मॅट रंग देईल, त्याचे तेवढेच पैसे मागतोय. आमच्या ह्यांना घोंगडी भिंतीवर नकोय, "लोक काय म्हणतील" सुरू आहे. आधी पडदे करते. इचलकरंजीहून जाड सुती कापड आणलं तर चालेल ना? धुतल्यावर किती आटतं?

साताऱ्याची_सजावट
शिवायच्या आधी भिजवून वाळवा, मगच माप घ्या. आणि मॅटचे टेक्श्चरएवढे पैसे देऊ नका, त्यात माल आणि मेहनत दोन्ही कमी.

रंगारी_कुपवाड
मॅटवर डाग पडले की मला सांगू नका.

जतचा_धनगर
ह्यांना सांगा, घोंगडी लोकांच्या घरी पाहुणचाराला अंथरतात. लोक काहीबी म्हणत नाहीत.