अनुभव धागा: कुत्री अडली तेव्हा (गोवा)

कुत्री एरवी कुणाला न विचारता विते. सकाळी लाकडांच्या शेडमध्ये डोकावावं तर पिल्लं आईला लुचत असतात, नाळ तोडून, वार (पिल्लासोबत पडणारी जार) खाऊन, सगळं चाटूनपुसून बाई मोकळ्या. म्हणूनच एखादी अडली की किती थांबायचं हे घरात कुणालाच ठरवता येत नाही. "होईल आपोआप" म्हणत रात्र निघून जाते. आपल्याकडे तर वीज गेलेली, पाऊस कोसळतोय आणि दवाखाना नदीपलीकडे, असं असतं. गोव्यातल्या आणि सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या लोकांनी आपापले अनुभव लिहा. औषधांची मात्रा नको. काय दिसलं, केव्हा निघालात, पुढे काय झालं, एवढं पुरे. सुरुवात मी करते.

दिवाडीकरीण (धागाकर्ती)

आमची चिंगी गावठी, बाप शेजारचा लॅब्रेडोर. दिवाडी बेटाला पूल नाही, सगळी भिस्त फेरीबोटीवर. त्यामुळे दिवस भरत आले तसं मी रोज सकाळ-संध्याकाळ तिचं तापमान घेत होते. गुदद्वारात थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलिन. दोन दिवसांत तिला सवय होते, आपल्यालाही. एरवी १०१ च्या आसपास असणारा पारा एका संध्याकाळी ९८.६ वर आला. पारा ९९ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच रात्री फेरीवर चौकशी केली, शेजाऱ्यांची व्हॅन सांगून ठेवली, डॉक्टरांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी चिंगीनं जेवण टाकलं, गोणपाट उकरलं, धापा टाकत घरभर फिरली. या पायरीला घाई नसते, सहा ते बारा तास सहज जातात, कधी जास्तही. दुपारी दोन पिल्लं झाली. मग ती निवांत पडली, हेही चालतं. पण परत जोर सुरू झाला आणि अर्धा तास पोट आवळून आवळून काही बाहेर येईना, तेव्हा आम्ही उठलो. सासूबाईंचं म्हणणं आणखी थोडं बघू. शेजारची मावशी म्हणाली, "व्हर गो तिका, रावूं नाका" (ने गं तिला, थांबू नका). मावशीच्या घरी गुरं आहेत, तिचं मी ऐकते.

एक्स-रेत पिल्लू आडवं दिसलं. पोट उघडावं लागलं. तीन निघाली, त्यातलं आडवं होतं ते गेलं. भूल उतरताना चिंगीला पिल्लं आपली वाटेनात, एकावर गुरगुरलीही. तिला पूर्ण शुद्ध येईपर्यंत पिल्लं खोक्यात टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली, आणि दूध पाजायला लावताना तिचं तोंड मी धरून बसले. रात्री उशिरा तिनं स्वतःहून एकाला चाटलं, मग काळजी मिटली.

म्हापशाचा पगवाला

आमचा अनुभव अगदी कंटाळवाणा, आणि तसाच असावा. पगच्या पिल्लांचं डोकं मोठं, आईची कंबर अरुंद. फ्रेंच बुलडॉगची तीच गत, त्यांची बहुतेक बाळंतपणं ऑपरेशननंच होतात. गाभणपणाच्या पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढला, कवट्या आणि मणके मोजले, चार ठरली. हा आकडा माहीत असला की "अजून आत आहे का?" हा रात्रीचा वाद उरत नाही. ऑपरेशन दिवसा, ठरवून. एक सांगतो: बुलडॉग-पगांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्यांनी ऑपरेशनचा खर्च पिल्लाच्या किमतीत धरलेलाच असतो. कुत्रीला होणारा त्रास कुठे धरतात ते मला कळलेलं नाही.

मोरजी किनारा

शॅक (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी) चालू असतात तोवर किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना खायला मिळतं. जूनमध्ये शॅक उतरले की त्यांचे हाल सुरू. अशीच एक कुत्री उपड्या होडीखाली विण्यासाठी शिरली होती. आम्ही लांबून बघत होतो, कारण जवळ गेलं की ती जागा बदलते. सकाळी वाळूवर गडद हिरवं पाणी दिसलं, पिल्लू मात्र एकही नाही. फोटो काढून ओळखीच्या पशुवैद्यांना पाठवला. उत्तर एका ओळीचं: "लगेच आणा."

पिल्लं झाल्यावर हिरवट-काळसर स्राव येतो, त्यात काही नाही. पहिल्या पिल्लाच्या आधी तो आला तर वार सुटलेली असते आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटत असतो. मासळीच्या मोठ्या क्रेटमध्ये गोणपाट टाकून तिला नेलं. चावायचा धोका होता म्हणून तोंडाला कापडी पट्टी, पण गाडीत ठेवल्यावर सोडली. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवू नये, अंगातली उष्णता तोंडावाटेच जाते. पाच पिल्लं, जिवंत दोन. त्याच ऑपरेशनात गर्भपिशवी काढली, म्हणजे हे पुन्हा नको.

काणकोणचा बाबू

एवढं काय करता? आमच्याकडे गुरांना सुई टोचायला येणारा माणूस कुत्रीलाही टोचतो. दहा मिनिटांत पिल्लू बाहेर. दोनदा केलंय.

एक पशुवैद्य, तिसवाडी

बाबू, तुमच्या कुत्रीचं नशीब चांगलं. ती सुई ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाची असणार. गर्भाशय थकलं असेल आणि वाट मोकळी असेल तर तिचा उपयोग होतो. पिल्लू आडवं असेल किंवा डोकं अडकलं असेल, तर तीच सुई गर्भाशयाला बंद दारावर जोर करायला लावते, कधी ते फाटतंही. म्हणून आधी बोटानं तपासायचं, एक्स-रे किंवा सोनोग्राफी करायची. पिल्लांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर असावेत. ते १८० च्या खाली जाऊ लागले की पिल्लाला त्रास होतोय, १६० च्याही खाली गेले तर आम्ही सुईची वाट बघत नाही, सरळ ऑपरेशन करतो. बऱ्याचदा कॅल्शियम कमी पडलेलं असतं, ते आम्ही शिरेतून अगदी हळू देतो आणि हृदयावर कान ठेवून देतो. घरी करायचं हे काम नाही.

वर अर्धा तास आला आहे, तो बरोबर. जोरदार कळा आणि वीस-तीस मिनिटांत काही नाही, तर निघा. आत पिल्लं आहेत हे माहीत असून दोन तास कळाच नाहीत, तरी फोन करा.

फोंड्याची मास्तरीण

आमचं पिल्लू पायाळू आलं. मागचे पाय आणि शेपूट बाहेर, पुढे काही सरकेना. मी घाबरले, पण डॉक्टर फोनवर शांत. म्हणाले, कुत्र्यांत पाय आधी येणं नेहमीचंच, दहातली चार पिल्लं तशीच येतात. अवघड असतं ते पाय आत दुमडून नुसतं ढुंगण येणारं. कोरड्या टॉवेलानं दोन्ही पाय आणि कंबर एकत्र धरायची, आईनं जोर केला की तेवढ्यापुरतं खाली, तिच्या पायांच्या दिशेनं ओढायचं. जोर थांबला की आपणही थांबायचं. एकच पाय धरून ओढायचं नाही.

चौथ्या जोराला बाहेर आलं, निपचित. पातळ पिशवी नाकापासून फाडली, तोंडातला चिकटा पुसला, पाठ आणि छाती टॉवेलानं खसखसून चोळत राहिले. नवरा म्हणे, व्हिडिओत पिल्लाला डोकं खाली करून झोकांड्या देतात. डॉक्टर फोनवरूनच ओरडले, मेंदूला इजा होते! चोळत राहा. बऱ्याच वेळानं किंचाळलं. आता ते घरातलं सगळ्यात खादाड कुत्रं आहे.

मडगाव बाजारपेठ

आमची ऐन चतुर्थीत पाहुण्यांच्या पलंगाखाली व्याली. काही अडलं नाही, फक्त पाहुण्यांना बाहेर चटई टाकावी लागली.

साखळीहून

आमची अडचण पिल्लं झाल्यानंतरची, आणि ती कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पॉमेरेनियन, अंगानं चिमणी, पिल्लं पाच. बाळंतपण सुरळीत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, मागचे पाय काठीसारखे ताठ झाले, मग अंगभर थरथर. शेजारी म्हणाले पिसाळली, लांब व्हा. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झालाय, आमचीला लसही होती, पण ही भीती आकड्यांनी जात नाही. कुणी म्हणालं विष घातलं.

दूध पाजून रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं. वेळेवर नेलं नसतं तर झटके येऊन गेली असती. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर टेबलावरच थरथर थांबली. पिल्लं एक दिवस तिच्यापासून वेगळी ठेवली, दुकानातलं कुत्र्यांच्या पिल्लांचं दूध पाजलं. गाभणपणी घरच्यांनी मायेनं रोज कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्यानं उलट होतं, शरीराची हाडांतून कॅल्शियम काढायची सवय मोडते.

दिवाडीकरीण

डॉक्टर, एक विचारू? पावसात आई उठून गेली तर पिल्लं गार पडतात. आधी दूध की आधी ऊब?

एक पशुवैद्य, तिसवाडी

ऊब. गार पिल्लाचं पोट चालत नाही, पाजलेलं दूध आत तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःची उष्णता राखता येत नाही, खोक्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. बाटली थेट अंगाला लावू नका, भाजतं. हळूहळू गरम होऊ द्या, तोंडात बोट घातल्यावर ऊबदार लागलं आणि चोखू लागलं की आईचा चीक (पहिलं घट्ट दूध) पहिल्या दिवसातच मिळू दे. आई नसेल तर दर पाजण्यानंतर ओल्या कापसानं बूड पुसा, त्याशिवाय ती लघवी करत नाहीत. आणि पावसाळ्यात पॉवर बँक भरलेली ठेवा, टॉर्च लागतोच.