चिलीचा दोन महिन्यांचा राष्ट्राध्यक्ष: ब्लांको एनकालादाने पद का सोडलं?

दर्यावर्दी: मानुएल ब्लांको एनकालादा जुलै 1826 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि सप्टेंबरात गेलाही. बंड नाही, खून नाही. मग झालं काय? आणि काही याद्यांत त्याच्या आधी ओ'हिगिन्स आणि फ्रेइरे कसे?

जुनी_वही: ते दोघे 'सर्वोच्च संचालक' होते, म्हणजे तेव्हाचे राष्ट्रप्रमुख. राष्ट्राध्यक्षपद 1826 च्या काँग्रेसने (चिलीच्या संसदेने) आणलं.

खरं दुखणं तिजोरीचं. 1822 मध्ये लंडनहून 10 लाख पौंडांचं कर्ज काढलेलं. त्याचे हप्ते फेडायच्या बोलीवर 1824 मध्ये तंबाखू, पत्ते आणि विदेशी दारूचा मक्ता पोर्तालेस-सेआ पेढीला दिला. हप्ते थकले, मक्ता 1826 मध्ये रद्द. सैन्याचे पगार तुंबलेले. त्यात काँग्रेसमधल्या होसे मिगेल इन्फान्तेच्या गटाने संघराज्याचे कायदे रेटले: आठ प्रांत, प्रत्येकाला आपली विधानसभा, अगदी गावचा पाद्रीसुद्धा मतदानाने! अध्यक्षाच्या हाती ना पैसा ना अधिकार. काँग्रेसशी जमेना, त्याने राजीनामा दिला. उपाध्यक्ष एयझागिरे खुर्चीत बसला, पण जानेवारी 1827 च्या लष्करी उठावानंतर तोही गेला.

शिडाचं_गलबत: हा गडी मुळात आरमाराचा. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, ऑक्टोबर 1818 मध्ये 28 वर्षांचा असताना तो वाल्पराईसो बंदरातून ताफा घेऊन निघाला. ताफ्यातली 'सान मार्तिन' आणि 'लाउतारो' ही पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाची ने-आण करणारी जहाजं, नावं बदललेली. ताल्काउआनो बंदरात स्पॅनिश फ्रिगेट (युद्धनौका) 'मारिया इसाबेल'च्या खलाशांनी ती किनाऱ्यावर चढवली. किनाऱ्यावरून गोळीबार चालू असताना चिलीवाल्यांनी ती ओढून पाण्यात आणली. मग सांता मारिया बेटापाशी स्पॅनिश निशाण लावून थांबले, आणि मागून येणारी सैन्यवाहू जहाजं एकेक करून आपण होऊन जाळ्यात आली.

जुनी_वही: पेरू-बोलिव्हिया महासंघाविरुद्धची त्याची 1837 ची मोहीम मात्र फसली. पेरूतलं आरेकिपा शहर घेतलं, पण लोकांची साथ मिळाली नाही आणि महासंघाचा प्रमुख सांता क्रूझ याच्या फौजेने कोंडी केली. 17 नोव्हेंबरला पाउकारपाताचा तह: चिलीने सैन्य मागे घ्यायचं आणि पकडलेली जहाजं परत द्यायची, पेरूने चिलीचं 15 लाख पेसोंचं देणं मान्य करायचं. वर घोडेही शत्रूलाच विकले! चिली सरकारने तह फेटाळला, ब्लांकोवर लष्करी खटला चालला, पण तो निर्दोष सुटला.

शिडाचं_गलबत: त्याचं नाव शोधताना एक लक्षात ठेवा: 1891 मध्ये काल्देरा बंदरात टॉर्पेडोने बुडाली ती त्याच्या नावाची चिलखती युद्धनौका. तो स्वतः 1876 मध्येच सांतियागोत वारला.