मदत हवी आहे: विंडोज नव्याने टाकली, लॅन चालेना

गावसेतू: काल सेवा केंद्राच्या पीसीवर विंडोज १० नव्याने टाकली, तेव्हापासून नेट नाही. पीक विम्याचे फॉर्म भरायला लोक सकाळपासून बसून आहेत. लवकर सांगा.

वऱ्हाडी_वायरमन: केबल खोचतो तिथले दिवे लागतात का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसते? एवढं तरी सांगा भाऊ.

काळी_माती: विंडोज कायले ठेवता? उबुंटू टाका. लॅनचे (केबलवाल्या नेटचे) बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारी सॉफ्टवेअरं, त्यात आधीच असतात.

गावसेतू: ठशाच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, उबुंटू नको. केबल चांगली आहे, परवापर्यंत चालत होती. दिवे लागतात. 'इथरनेट कंट्रोलर'वर पिवळं चिन्ह आहे.

वऱ्हाडी_वायरमन: म्हणजे ड्रायव्हर बसलाच नाही. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. 'व्हेन'पुढे १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. रिअलटेक आणि 'डेव्ह'पुढे ८१६८ असेल तर त्यांचा गिगाबिटचा ड्रायव्हर घ्या. उतरवायला अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट पीसीला मिळते. केबल नुसती चार्जिंगची असली तर पीसीला फोन दिसणारच नाही, डेटावाली घ्या.

तुरीचं_शेत: एवढं कशाला? ड्रायव्हर पॅक टाका, सगळं एकदम बसते.

वऱ्हाडी_वायरमन: अजिबात नको. त्यासोबत नको ती सॉफ्टवेअरं येतात, आणि या पीसीवर लोकांचे आधार नंबर न् बँक खाती भरली जातात.

गावसेतू: रिअलटेकचा टाकला, पिवळं गेलं. तरी नेट नाही. आयपीकॉन्फिग कमांड दिली तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.

तुरीचं_शेत: हाताने आयपी द्या. १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१.

पाणंद_रस्ता: थांबा, त्याने काही होणार नाही. पीसीने पत्ता मागितला, समोरून कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. फॉर्मेटच्या आधी रोज 'कनेक्ट' दाबावं लागायचं का?

गावसेतू: हो, ते तर दाबावंच लागते.

पाणंद_रस्ता: हेच पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं. तुमचा फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये आहे. तो पत्ते वाटत नाही, पीसीलाच युजरनेम-पासवर्ड देऊन पीपीपीओईने लाइन उघडावी लागते. ते कनेक्शन फॉर्मेटमध्ये पुसलं गेलं. कंट्रोल पॅनल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, सेट अप अ न्यू कनेक्शन, कनेक्ट टू द इंटरनेट, मग ब्रॉडबँड पीपीपीओई. १६९ वाला पत्ता राहू द्या, त्याची अडचण नाही. एरर ६५१ आली तर केबल न् डबा तपासा. ६९१ आली तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकला.

काळी_माती: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात घ्या.

कापूस_वेचणी: पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की लॅनची केबल न् डब्याचा प्लग दोन्ही काढून ठेवत जा. पोर्ट जळालं तर मदरबोर्डच उघडावा लागते.

गावसेतू: बिलावरचा युजरनेम टाकला, ६९१ येते.

पाणंद_रस्ता: 'ॲट'च्या चिन्हापुढचा भागही टाकला का? बऱ्याच ठिकाणी तो युजरनेमचाच भाग असतो.

गावसेतू: तोच राहिला होता. लागलं! आता ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा घेणारं सॉफ्टवेअर) टाकायला घेतो.

पाणंद_रस्ता: सवड मिळाली की कंपनीच्या माणसाकडून डबा राउटर मोडमध्ये करून घ्या. युजरनेम-पासवर्ड डब्यातच राहील, फॉर्मेट केलं तरी पुसल्या जाणार नाही.