जिनिंगमध्ये कापसाची घट जास्त येते: ओलावा की हातचलाखी?

वणीकडचा_जिनवाला
माझी जिनिंग आहे, म्हणजे कापसातून रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी करायचा कारखाना. हंगामात रोज ३०० क्विंटलपर्यंत आवक आहे. काटा (वजन), पावती आणि चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) तिन्ही एकाच दिवाणजीकडे. या महिन्यात १०० क्विंटल कापसामागे रुई-सरकी मिळून ९४ क्विंटलच भरते. दिवाणजी म्हणतात, ओलावा सुकला. एवढा सुकतो का? माणूस जुना आहे, उगाच आळ घ्यायचा नाही.

रुईगाठ
भाऊ, आधी पावत्यांवरचा ओलावा पाहा, उत्तर तिथंच आहे. १२ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटलमध्ये कोरडा माल ८८. तो ८ टक्क्यांवर आला की ८८ भागिले ०.९२, म्हणजे ९५.६५ क्विंटल. त्यातून दोनेक टक्के कचरा गेला की ९४ च्या आसपासच उरतं. म्हणजे पावत्यांवर १२ असेल तर दिवाणजी खरं बोलतात.

पण पावत्यांवर ९ लिहिलं असेल तर ९७ क्विंटल भरायला पाहिजे. मग ३ क्विंटलचा जाब विचारावा लागेल. एक तर ओला कापूस कोरडा दाखवून ओलाव्यापोटी दरात होणारी कपात वाचवली जाते, नाहीतर वजनच खोटं आहे, नाहीतर माल मागच्या दारानं जातो. ओलावा वरून मोजू नका. गाडीच्या मधून आणि तळातून मूठभर काढून मीटर लावा, कारण पाणी मारलेला कापूस वरून कोरडाच लागतो. दर दहाव्या गाडीचा ओलावा दुसऱ्या माणसानं पुन्हा घ्यावा.

गाठींवरूनही ताळा लागतो. ८ टक्क्यांच्या १०० क्विंटलला ३४ टक्के उतारा (रुईचं प्रमाण) धरला तर रुईच्या १७० किलोच्या २० गाठी.

काटा_तपासनीस
वजनाचं सांगतो. खरेदीत भरली गाडी आधी, रिकामी नंतर. भरल्या वेळी ड्रायव्हरसह तिघं गाडीत बसले आणि रिकाम्या वेळी उतरले की १८० किलो फुकट. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८११० रुपये हमीभावानं एका गाडीमागे साडेचौदा हजार गेले! सरकीच्या विक्रीत उलटा खेळ चालतो: रिकाम्या वेळी माणसं किंवा दगड गाडीत, भरल्या वेळी बाहेर. म्हणून दोन्ही वेळा गाडीतली सगळी माणसं उतरवा, दगड वगैरे काही नाही ना बघा, ताडपत्री, दोर, पाण्याची टाकी तीच आहे का पाहा. रोजच्या गाडीचं जुनं टेअर (रिकाम्या गाडीचं वजन) संगणकात ठेवून वापरू नका.

सकाळी काटा शून्यावर आहे का पाहा. आठवड्यातून एकदा ठरलेलं वजन चारही कोपऱ्यांवर आणि मधात ठेवा. आकडा बदलला तर खाली दगड-माती अडकली आहे किंवा लोडसेल (काट्याखालचा वजन मोजणारा भाग) गेला आहे. संगणकात हातानं वजन टाकायची सोय बंद करा. रद्द पावतीही क्रमांकात राहिली पाहिजे. काट्याला वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्या)चा शिक्का दर १२ महिन्यांनी लागतो, तारीख तपासा.

वणीकडचा_जिनवाला
पावत्या काढल्या. बहुतेकांवर ९ आणि साडेनऊ आहे. आता?

हिशोबनीस
लगेच बोलू नका. आधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर काढून घ्या, बहुतेक यंत्रांत काही आठवड्यांत जुनं पुसलं जातं. मूळ पावत्या तुमच्या कपाटात. मग चौकीदाराच्या वहीतला गाडी क्रमांक आणि वेळ पावत्यांशी जुळवा. वहीत गाडी नाही आणि पावती आहे, तर कापूस आलाच नाही, चुकारा मात्र गेला. रोज पाच शेतकऱ्यांना फोन करून वजन आणि रक्कम विचारा.

उद्यापासून काटा एकाकडे, ओलावा दुसऱ्याकडे, चुकारा थेट शेतकऱ्याच्या खात्यात आणि मंजुरी तुमची. दिवाणजींना सलग पाच दिवस रजा द्या. त्या पाच दिवसांत घट २-३ टक्क्यांवर आली तर बरंच कळेल, फक्त कापसाचा ओलावा तेव्हाही तोच होता का ते लिहून ठेवा. कोऱ्या कागदावर सही घेणं किंवा पगार अडवणं करू नका, उद्या तेच तुमच्यावर उलटेल. पुरावा पक्का असेल तरच पोलिसांत जा. नोकरानं केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि चौकीदाराचा पगार वेळेवर होतो का तेही पाहा, भाऊ. त्याची वही खरी राहिली तरच हा सगळा मेळ लागेल.